मावळतीचा सूर्य: वांग झीह्वान की ली शांगयिन?

तांगकालीन चिनी कवितेतलं ऊन वाचायचं, तर आधी वांग झीह्वानची करकोचा मनोऱ्यावरची कविता घ्यावी की ली शांगयिनची ‘लयोयुआन’, हा एका मैत्रिणीचा पेच. ‘अजरामर रत्न’ वगैरे विशेषणं बाजूला ठेवू. लांबी सारखीच: चार ओळी, 20 अक्षरं. दोन्हींत कवी उंचावर चढतो आणि समोर सूर्य मावळत असतो.

वांगचा सूर्य डोंगराला टेकून संपतो, पीत नदी समुद्राकडे धावते. पण हळहळ नाही. आणखी लांबचं बघायचंय ना, मग आणखी एक मजला चढा! चीनमध्ये शाळकरी पोरांना ही पाठ असते. समजायला टिपा लागत नाहीत.

लीचं तसं नाही. संध्याकाळी मन लागेना म्हणून तो गाडी जुंपून तांगांची राजधानी छांगआन इथल्या लयोयुआन नावाच्या जुन्या पठारावर जातो. सूर्यास्त अपार सुंदर, फक्त अंधार जवळ आलाय, एवढंच म्हणतो. हे उतारवयाबद्दल की 907 मध्ये संपलेल्या तांग राजवटीच्या उतरणीबद्दल? दोन्ही वाचनं चालतात, आणि माझ्या मते म्हणूनच ती जास्त टिकते.

मुलांना शिकवायची असेल किंवा पहिलीच चिनी कविता असेल, तर वांग. चाळिशी ओलांडली असेल आणि एकच कविता बरेच दिवस घोळवायची असेल, तर ली.