दवाखान्याची कागदपत्रं: एजंटकडे की स्वतःकडे?

दातांचा दवाखाना चालवताना परवाने आणि नोंदी कुणी सांभाळायच्या, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांपुढे हमखास येतो. एजंटला काम दिलं की डोक्याचा ताप कमी होतो. एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची ऑनलाइन नोंदणी, दरवर्षी 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा जैववैद्यकीय कचऱ्याचा अहवाल, हे तो सराईतपणे उरकतो. पैसे मोजावे लागतात, पण पोर्टलशी झटापट करण्यात जाणारी दुपार वाचते.

स्वतः करायचं तर सुरुवातीला जड जातं. मात्र 2016 च्या कचरा नियमांत जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आहे, एजंटची नाही. शिवाय खरं नियमपालन होतं ते खुर्चीशेजारी. भुलीची सुई पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात गेली का? रक्ताळलेला कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, सक्शनची नळी लाल पिशवीत पडली का? पिवळी पिशवी 48 तासांच्या आत उचलली गेली का? संध्याकाळी मदतनीस ताईंनी पिशव्यांचं वजन वहीत लिहिलंच नसेल, तर जूनमध्ये एजंट आकडे आणणार कुठून? अंदाजाने भरेल, आणि खाली सही आपली असेल. हे मला अजिबात पटत नाही.

फॉर्म भरण्यापुरता एजंट जरूर ठेवा. पोर्टलचे पासवर्ड आणि कचऱ्याची वही मात्र दवाखान्यातच असू द्या, आणि आठवड्यातून एकदा ती वही स्वतः उघडून बघा.