सापाच्या मावशीचं घर: काचेची टाकी की सुताराची पेटी?

साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पुढच्या महिन्यात ब्लू टंग स्किंक घेतोय. राहायला काच घेऊ का लाकूड?" (ब्लू टंग स्किंक म्हणजे निळ्या जिभेची विदेशी सापसुरळी.) मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा झालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्या दोन वाक्यांपर्यंत पोचायला मला दीड वर्ष लागलं होतं आणि एक प्लास्टिकचं स्टूल कामी आलं होतं. म्हणून हे जरा सविस्तर.

उन्हाच्या जागी किती तापमान, सावलीत किती, यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, नळी का लागते, हे तुम्ही वाचलेलंच असणार. ते इथे उगाळत नाही. कागदपत्रांचं मात्र एकदा बघून घ्या. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले आणि नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर होते. आपण घेतोय ती जात त्या यादीत बसते का, हे वनविभागात विचारूनच पैसे द्या.

आमच्याकडे आहे ती इंडोनेशियाकडची जात. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या तिच्या बहिणीपेक्षा हिला हवा जास्त दमट लागते, साधारण साठ ते ऐंशी टक्के. हे पुढे कामाला येईल. नाव मावशी. आणली त्या दिवशी आई म्हणाली, "घरात सापाची मावशी आणलीस? आता साप यायचा हिला भेटायला." सापसुरळीला आपल्याकडे सापाची मावशी म्हणतातच, तेच नाव चिकटलं. नर की मादी ते नुसतं बाहेरून बघून खात्रीनं सांगता येत नाही, त्यामुळे बदलायचं कारणही पडलं नाही.

पहिलं घर काचेचं होतं. कुणीतरी गोल्डफिश पाळून कंटाळला होता, त्याची चार फूट बाय दीड बाय दीडची टाकी पेटीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाली. काचेचा फायदा काय, तर आज ठरवलं की उद्या घरात. सुताराच्या मागे लागायला नको, पॉलिश वाळायची वाट बघायला नको. धुवायला सोपी. प्राणी नवा असताना हे फार मोलाचं असतं, कारण सुरुवातीचे काही आठवडे खाली साधा कागद घालायचा, विष्ठा कशी आहे ते रोज बघायचं आणि तिचा नमुना डॉक्टरकडून जंतांसाठी तपासून घ्यायचा. काचेत सगळं लख्ख दिसतं.

तिलाही सगळं लख्ख दिसतं, ही अडचण. पहिले दोन दिवस मावशी काचेला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. इथे काहीतरी आडवं आहे, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. नाकावरचं खवलं घासून पांढुरकं झालं, तेव्हा मुलीच्या वह्यांना घालायचा खाकी कागद काढला आणि तीन बाजू बाहेरून झाकून टाकल्या. एवढ्यानं फेऱ्या निम्म्यावर आल्या. म्हणजे चार बाजूंनी दिसावं म्हणून काच घ्यायची आणि मग त्यातल्या तीन बाजू कागदानं बंद करायच्या. पण हे चालून गेलं. कागद स्वस्त असतो.

चाललं नाही ते झाकण.

माशांची टाकी वरूनच उघडते. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलची जाळी बसवून झाकण करून घेतलं. त्यावर एका टोकाला उष्णतेचा दिवा आणि लांबीत यूव्हीबीची नळी. दिसायला झकास. आता पाण्याचं परळ बदलायचंय असं समजा. आधी दिवा उचला. तो दुपारभर जळत असतो, त्याचं कवच हाताला धरवत नाही. एका हातात तो, दुसऱ्या हातानं नळी बाजूला सारा, मग झाकण उचला. आता झाकण आणि दिवा दोन्ही हातांत, आणि परळ उचलायला तिसरा हात नाही. दिवसातून दोनदा हीच कसरत. एकदा दिवा "अर्धा मिनिट" म्हणून शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि नेमका दारात गॅसवाला आला. परत येईपर्यंत निळ्या प्लास्टिकमध्ये दिव्याच्या तोंडाएवढी गोल खळगी पडली होती, कडेला प्लास्टिकची फुगीर किनार. ते स्टूल बायकोचं होतं. विषय वाढवत नाही.

तरी स्टुलापायी मी टाकी सोडली नसती. हात वरून जायचा, हे जास्त खटकलं. जमिनीवर सरपटणाऱ्या जिवाच्या डोक्यावर जे येतं ते बहुधा घार नाहीतर शिक्रा असतं. आपण झाकण काढतो तेव्हा तिच्या दृष्टीनं आभाळ सरकतं आणि त्यातून पाच बोटं खाली येतात. मावशी दर वेळी तेच करायची. अंग भाकरीसारखं चपटं, फुस्स असा कुकरची शिट्टी अडकल्यागत आवाज, तोंड उघडून ती निळी जीभ बाहेर. निव्वळ धमकी असते ती, चावण्यापर्यंत गाडी क्वचित जाते. पण पाणी द्यायला गेलं की फुस्स, घाण काढायला गेलं की फुस्स. आठव्या महिन्यातही फुस्स. जो प्राणी नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं आपल्याकडे राहणार, त्यानं रोज दोनदा आपल्याला घार समजावं, हे काही मनाला पटेना.

म्हणून पेटी. समोरून उघडणारी, चार बाय दोन बाय दोन.

मिरज रस्त्यावरचे एक मिस्त्री आमचं स्वयंपाकघर करून गेले होते, त्यांनाच बोलावलं. माप ऐकून म्हणाले, "दादा, ह्यात ठेवणार काय? टीव्ही का कोंबड्या?" सापसुरळी म्हटल्यावर दोन मिनिटं नुसते टेपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या रानात फुकट हाईत की ओ!" (त्या रानातल्या रानातच असू द्या. उसाच्या सरीतून धरून आणलेली सापसुरळी घरात रुळत नाही, आणि ती आपली नसतेही.)

७१० ग्रेडचा, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये तळ, छत, पाठ आणि दोन बाजू बसतात, पुढच्या पट्टीपुरता तुकडा वेगळा लागतो. ती पट्टी पाच इंच उंच ठेवा, नाहीतर खाली अंथरलेलं चार इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दार उघडल्यासरशी फरशीवर. वरती सरकत्या काचा, दुकानाच्या शोकेसला असतात तशा, आणि शोकेसचंच कुलूप. हे कुलूप विसरू नका. मावशी नाकानं काच सरकवते, मी पाहिलंय.

पॉलिशचा घोळ मात्र झाला. मिस्त्रींचा हात तरुणपणी मिरजेत सतार-तंबोऱ्यांच्या कामावर बसलेला, त्यामुळे ओढा चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशकडे. दिसतं देखणं, वादच नाही. पण एका तुकड्यावर ओलं कोकोपीट रात्रभर ठेवून पाहिलं, तर सकाळी पांढरा डाग. दमट पेटीत ते टिकायचं नव्हतं. शेवटी पाण्यात मिसळणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावलं, सांधे साध्या सिलिकॉननं भरले, बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन नको. आणि पेटी तीन आठवडे गॅलरीत उघडी ठेवली. नाक आत घालून वास येत नाही अशी खात्री झाल्यावरच मावशीला हलवलं. घाई असेल त्याच्यासाठी पेटी नाही, हे मान्यच.

आता हात समोरून जातो, आणि तोही खालून. पहिल्या आठवड्यात मी फक्त काच अर्धी सरकवून तळवा कोकोपीटवर पालथा टेकवून बसायचो, संध्याकाळी बातम्या ऐकत. ती नळीच्या कौलाखालून बघायची. (अर्धगोल कौल, जुन्या घराचं. लपायला यापेक्षा बरं काही विकत मिळत नाही. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक, अशी दोन हवीत.) नवव्या की दहाव्या दिवशी बाहेर आली, जिभेनं करंगळी चाटून पाहिली, पुढचा आखूड पाय मनगटावर ठेवला आणि तशीच थांबली. खालचं पोट गार आणि गुळगुळीत लागलं, घोटलेल्या लाकडासारखं. फुस्स नाही, काही नाही. आता कुणी म्हणेल, तोवर दीड वर्ष झालं होतं, ती तशीही रुळलीच असती. असेलही. पण नंतर एकदा दोन दिवस तिला परत त्या टाकीत ठेवावं लागलं, तेव्हा वरून हात जाताच तिनं पुन्हा जीभ दाखवली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

बाकीच्या गोष्टी पेटीच्या बाजूनं आपोआप पडत गेल्या. लाकडात स्क्रू बसतो, त्यामुळे नळी आत छताला लागली. जाळीवरून लावली की यूव्हीबीचा बराच भाग जाळीतच अडतो, आणि काचेतून तर तो जवळपास येतच नाही. दिवा आत आला की त्याला तारेचा पिंजरा मात्र घालाच, प्राणी अंग लावून भाजून घेतात. ओलावा टिकतो. टाकीत मार्चनंतर कोकोपीट सकाळी शिंपडावं तर संध्याकाळी पापडासारखं व्हायचं. एकदा कात टाकताना मागच्या पायाच्या एका बोटावर कातेचं कडं अडकून राहिलं. ते तसंच राहिलं तर बोट जातं. कोमट पाण्यात बसवून सोडवावं लागलं. पेटीत आल्यापासून तो प्रसंग आलेला नाही. थंडीत टाकीचा ऊब राखणारा थर्मोस्टॅट रात्रभर टिकटिक करायचा, पेटीचा मध्येच कधीतरी करतो. मीटर लावून मोजलेलं नाही. जानेवारीचं वीजबिल बघून बायको काही बोलली नाही, हाच माझा पुरावा.

पेटीचे दोष नाहीत असं नाही. काचेच्या खाचेत कोकोपीट जातं आणि दार करकरतं, दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. आणि सांगलीचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये खोलीच तापते, लाकूड ती ऊब धरून ठेवतं. तेव्हा मी उष्णतेचा दिवा सकाळी दोन-तीन तास ठेवून बंद करतो, गार बाजूचं कौल ओलं करतो, खोलीत पंखा. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशा कपाटाच्या गोल जाळ्या आहेत, तरी वर आणखी दोन हव्या होत्या असं आता वाटतं. या दिवसांत उघड्या तोंडाची टाकी बरी, हे कबूल करावं लागेल. साताऱ्यात ही फिकीर कमी आणि थंडीची जास्त, म्हणजे भाच्याला पेटीचा फायदा माझ्यापेक्षा अधिक.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतःच काच सुचवेन. सांगलीच्या गावभागात किंवा नदीकडेला तळमजल्यावर राहत असाल तर. २०१९ चा पूर ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांच्या वर सरकायला लागलं की आम्ही गाद्या वर न्यायला घेतो. वजनाला दोन्ही सारखीच, दोन माणसांशिवाय हलत नाहीत. प्राणी झाकणाच्या टबात घालून न्यायचा आणि घर मागे सोडायचं. पाणी उतरल्यावर टाकी धुऊन उभी राहते, प्लायचं तसं खात्रीनं सांगता येत नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत म्हणून हा धोका पत्करला.

काच असो की लाकूड, पहिले दोन आठवडे प्राण्याला उचलू नका, पाहुण्यांना दाखवू नका, आणि दुसरा सोबतीला ठेवू नका, भांडतात. चार-पाच दिवस खाल्लं नाही म्हणून घाबरू नका. आमच्या मावशीनं सहाव्या दिवशी लाल भोपळ्याचा कीस आणि उकडलेलं अंडं खाल्लं. कांदा-लसूण कधीच नाही. मोठी झाल्यावर आठवड्यातून दोनदा जेवण पुरतं. आईला हे अजून पटलेलं नाही, ती मावशीला उपाशी ठेवल्याबद्दल मला बोलते. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत, पूर्वी दुधाच्या कपाटाचे असायचे तसे, नाहीतर भोपळ्याला मुंग्या.

भाच्याला सांगितलंय, मिस्त्रींचं माप आणि खर्डा फोटो काढून पाठवतो. पेटी होईपर्यंतचे पहिले काही आठवडे कागद घालून ठेवायला माझी टाकी माळ्यावर पडूनच आहे, झाकणासकट घेऊन जा. स्टूल मिळणार नाही. त्या खळगीत आता बायको मोगऱ्याची कुंडी ठेवते, बरोबर बसते.