पेलेट ग्रिल की कोळशाची शेगडी? ठाण्याच्या हवेत काय चालेल

हिवाळ्यात, येऊरच्या पायथ्याशी अंगण असलं आणि आख्खी कोंबडी हळूहळू धुरावायची असली, तर पेलेट ग्रिलला तोड नाही. १२० अंश सेल्सिअस लावलं की मोटरचा स्क्रू दाबलेल्या भुशाच्या गोळ्या आगीत सोडत राहतो, पंखा हवा पुरवतो, तुम्ही गप्पा मारायला मोकळे. थंड देशांत त्याला उबदार आवरण घालतात, गोळ्याही जास्त जळतात. आपल्या डिसेंबरात तसलं काही लागत नाही. शेगडीला मात्र सतत वारा घालत बसा. (पापलेटला चटका द्यायचा तर निखाराच हवा, ते वेगळं.)

पावसाळ्यात बाजी उलटते. गोळ्या ओल धरतात, फुगतात, त्यांचा भुगा होऊन स्क्रूमध्ये घट्ट बसतो. म्हणून भाजून झालं की उरलेल्या गोळ्या ग्रिलमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या. शिवाय हे यंत्र विजेवर चालतं: ओल्या गच्चीवर वायर ओढणं धोक्याचं, आणि वीज गेली की पंखा, स्क्रू दोन्ही थांबतात. कोळसा दमट झाला तर धूर करतो, उशिरा पेटतो, पण वाळवला की पुन्हा कामाला येतो. बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली शेगडीवर भागतं. जुलैत मी तीच काढेन.

बंद बाल्कनीत दोन्ही नकोत; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि गच्ची सोसायटीची असेल, तर खरेदीआधी सेक्रेटरींना विचारा.