अँटिबायोटिकसोबत काय घ्यावं: लॅक्टोबॅसिलसची कॅप्सूल की बीजाणूंची कुपी?

दाढेच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, असं माझं दोन वर्षांत दोनदा झालं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी लॅक्टोबॅसिलस या पोटाला उपयोगी जिवाणूच्या कॅप्सूल दिल्या, दुसऱ्या वेळी बॅसिलस क्लॉसी या दुसऱ्या जिवाणूच्या बीजाणूंच्या, म्हणजे कवचात झोपलेल्या रूपाच्या, कुप्या. ‘दही खा’ हा आईचा सल्ला दोन्ही वेळा होताच, आणि दही मी खाल्लंही. पण दह्यातले बरेचसे जंतू दूध आंबवण्यात तरबेज असतात. जठर जिवंत ओलांडणं त्यांतल्या थोड्यांनाच जमतं.

उपाशीपोटी जठराचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 1.5 ते 2 असतो. जेवण पडलं की तो 4-5 पर्यंत चढतो आणि मग हळूहळू पुन्हा उतरतो. लॅक्टोबॅसिलस या आम्लात शिरला की पेशीत घुसणारे आम्लाचे कण, म्हणजे प्रोटॉन, तो आपली ऊर्जा (एटीपी) खर्चून बाहेर फेकत राहतो. गळक्या होडीतलं पाणी उपसत पैलतीर गाठायचा, असं ते काम आहे. हातात जोर असेल तोवर होडी तरते. म्हणूनच सोबत थोडं अन्न, थोडी साखर असली तर त्याच्या काही जाती जास्त तग धरतात.

बीजाणू मात्र उपसत बसत नाही. त्याच्याभोवती थरांवर थर असलेलं कवच, गाभ्यात पाणी जेमतेम, चयापचय जवळपास बंद. आम्लाला धरायला तिथे चालू असं काही नसतंच. आतड्यात पोषक वातावरण मिळालं की तो अंकुरतो.

कागदावर एवढंच. माझा निर्णय मात्र फ्रिजपाशी झाला.

पहिला कोर्स मे महिन्यात, अकोल्यात. कॅप्सूलच्या पाकिटावर 2 ते 8 अंश सेल्सिअस असं लिहिलेलं, आणि माझं काम दिवसभर गावोगाव फिरायचं. सुकवलेला लॅक्टोबॅसिलस झोपलेला असला तरी उष्णता आणि दमट हवा त्याला मारतेच. दुपारची कॅप्सूल न्यायची कशात? एक दिवस गाडीच्या डिकीत राहिली, ती मी टाकूनच दिली. त्यात अँटिबायोटिकपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं आणि जेवणही गाठायचं. शेतावर जेवायला कधी एक वाजायचा, कधी चार. निम्म्या कॅप्सूल तरी मी चुकीच्या वेळी घेतल्या असतील. हल्ली फ्रिजविना टिकणाऱ्या कॅप्सूलही मिळतात, हे मान्य. मला तेव्हा मिळालेली तशी नव्हती.

कुपी मी शर्टाच्या खिशात घालून फिरलो. हलवायची, टोक मोडायचं, प्यायची, चव पाण्यासारखी. क्लॉसीच्या या जाती बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत, त्यामुळे घड्याळ सांभाळण्याची कटकट कमी. पहिल्या वेळी पोट पाच दिवस त्रास देत होतं, दुसऱ्या वेळी दोन. अर्थात हा एका माणसाचा अनुभव, आणि दुसऱ्या वेळी अँटिबायोटिकही वेगळं होतं.

कॅप्सूलची बाजूही भक्कम आहे. लहान मुलांमध्ये अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर अभ्यासांचं वजन लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टच्या पारड्यात जास्त आहे. बीजाणूंवरचं काम त्या मानाने कमी. माझ्या भाचीला बालरोगतज्ज्ञांनी जीजीच दिलं आणि मी त्यात मुळीच ढवळाढवळ केली नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. असे जिवंत जंतू रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत.

घरी फ्रिज भरवशाचा असेल आणि जेवण वेळेवर होत असेल, तर कॅप्सूल घ्यायला माझी ना नाही. उन्हात फिरणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने परवा विचारलं, तेव्हा मात्र डॉक्टरांकडे कुपीबद्दल विचार, असं मी त्याला सांगितलं.