एक्सबॉक्स सिरीज एस, दीड वर्षानंतर: दहा जीबीतले ते दोन जीबी

"साहेब, रॅम भरलीय. दोन जीबी तर सिस्टीमच खाते. साडेचार हजारात वाढवून देतो."

गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं मला हे सांगितलं. मे महिन्यात माझा सिरीज एस, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल, खेळता खेळता बंद पडायला लागला, म्हणून तो पिशवीत घालून मी त्याच्याकडे नेला होता. वाक्य ऐकलं आणि तसाच परत आणला. तपासणीचे तीनशे रुपये मात्र त्यानं घेतले. हा अनुभव लिहितोय तो त्या तीनशे रुपयांपायी. दुसऱ्या कुणाचे साडेचार हजार जाऊ नयेत एवढंच मनात आहे.

सिरीज एसची रॅम, म्हणजे गेम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी, वाढवता येत नाही. तिचे चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेले असतात, काढ-घाल करायला खाच नसते. आणि मेमरी पुरली नाही तर गेम कोसळतो, आपण होम स्क्रीनवर येतो, कन्सोल चालूच राहतो. माझा अख्खा कन्सोल बंद पडत होता. ते वेगळंच दुखणं होतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

पण त्याच्या बोलण्यातले 'दोन जीबी' खरे होते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून टोचत होते. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये हा कन्सोल भारतात आला तेव्हा किंमत ३४,९९० रुपये होती. मी नंतर दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, तरी पैसे वर्षभर बाजूला टाकून घेतला. खोक्यावर रॅम १० जीबी. घरी आणल्यावर वाचलं की त्यातले २ सिस्टीमचे, म्हणजे मेनू वगैरे चालवणाऱ्या कन्सोलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचे, आणि गेमला ८. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या मोबाइललाच बारा आहे." दहाचे पैसे मोजून आठ पदरात पडले ही बोच सहा-सात महिने गेली नाही. पीसीवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं की या ८ जीबीतच ग्राफिक्सचंही सगळं बसवायचं असतं. ग्राफिक्स कार्डची वेगळी मेमरी इथे नाही.

माझं मत बदललं ते वेगाचे आकडे पाहिल्यावर. ही दहा जीबी एकसारखी नाही. ८ जीबीचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे, उरलेल्या २ जीबीचा फक्त ५६. म्हणजे सिस्टीमला दिलेली मेमरी ही हळूवाली आहे. गेमच्या ताटातलं काही काढून घेतलेलं नाही. मला हे आधी कळलं असतं तर सहा महिन्यांची चिडचिड वाचली असती.

मग दुसरा प्रश्न. हे दोन जीबी कायमचे अडवून कशाला ठेवायचे? गेम चालू असताना सिस्टीमनं थोडं आवरून घ्यावं, पीसीवर घेतेच की. याचं उत्तर जुन्या कन्सोलांच्या इतिहासात सापडलं. गेम बनवणाऱ्याला खात्री हवी असते की इतकी मेमरी आपली, आज आणि पाच वर्षांनीही. एकदा गेमला दिलेली मेमरी परत मागता येत नाही, कारण तिच्या भरवशावर बनलेले गेम लोकांच्या घरात पोचलेले असतात. सिस्टीमनं आपला वाटा पुढे कमी केला तर चालतं, वाढवला तर जुने गेम मोडतात. घर एका खोलीचं असलं तरी देवघराचा कोपरा कुणी सामानानं भरत नाही, कारण एकदा भरला की तो पुन्हा रिकामा होत नाही.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ कन्सोलचं हेच झालं. त्यात २५६ एमबी मुख्य आणि २५६ एमबी ग्राफिक्सची, अशी दोन तुकड्यांत मेमरी होती. वेगवेगळे गेम खेळणाऱ्या मित्रांना एकमेकांशी बोलता यावं ही सोय लोक वर्षानुवर्षं मागत राहिले. ती आलीच नाही. सोनीच्या शुहेई योशिदा यांनी कारण मेमरीचंच दिलं होतं. त्याच काळातल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०कडे एकूण ५१२ एमबीच होती, पण त्यातली ३२ एमबी सुरुवातीपासून सिस्टीमसाठी राखून ठेवलेली, आणि तिथे मित्रांशी गप्पा चालत होत्या. फक्त ३२ एमबी! आज मोबाइलवर काढलेले पाच-सात फोटो तेवढे होतात.

उलट, ढीगभर राखून ठेवलं म्हणजे काम झालं असंही नाही. निन्टेन्डोच्या वी यू कन्सोलमध्ये २ जीबीतली अर्धी सिस्टीमची होती, तरी सुरुवातीला मेनूत परत यायला वाट पाहायला लागायची. पहिल्या एक्सबॉक्स वनमध्ये ८पैकी ३ जीबी सिस्टीमकडे. खेळताना स्क्रीनच्या कडेला दुसरं ॲप चिकटवायची जी सोय होती, ती पुढे २०१७मध्ये काढूनच टाकली, मेमरी वाचावी म्हणून. निन्टेन्डोच्या अगदी अलीकडच्या स्विच २मध्येसुद्धा १२पैकी ३ सिस्टीमला आणि ९ गेमला.

आता माझ्याकडे काय होतं ते सांगतो. गेम ऐन भरात असताना कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की डावीकडून मेनूची पट्टी सरकत येते. मागे गेमचा आवाज तसाच चालू. मित्राला बोलावलं, डाउनलोड किती झालं ते पाहिलं, पट्टी बंद, पुन्हा गेममध्ये. दीड वर्षात ती पट्टी एकदाही अडखळली नाही. माझा चार वर्षांचा लॅपटॉप साधं सेटिंग उघडायला यापेक्षा जास्त वेळ घेतो. या दोन जीबींचं मोल मला तिथे दिसतं, म्हणून ते वाया गेले असं मी आता म्हणत नाही.

माझी तक्रार आता त्या आठ जीबींबद्दल आहे. याच्या थोरल्या भावात, सिरीज एक्समध्ये, १६पैकी साडेतेरा जीबी गेमला मिळते. आधीच्या पिढीतल्या एक्सबॉक्स वन एक्सलाही गेमसाठी ९ होती. म्हणून नवा असूनही सिरीज एसवर जुने गेम वन एक्सच्या सुधारलेल्या रूपात चालत नाहीत, त्याच पिढीतल्या साध्या वन एसच्या रूपात चालतात. बाल्डर्स गेट ३ हा गेम डिसेंबर २०२३मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय सिरीज एसला नव्हती. ती आली एप्रिल २०२५मध्ये. मायक्रोसॉफ्टनं २०२२मध्ये गेम बनवणाऱ्यांना काही शे एमबी मोकळी करून दिली, ते बरंच झालं. पण घेणाऱ्यानं खोक्यावरच्या दहावर जाऊ नये, आठ जीबी धरूनच हिशोब करावा. टीव्ही मोठा असेल आणि नवे मोठे गेमच खेळायचे असतील तर मी हा घ्या म्हणणार नाही. घरातल्या पोरांसाठी, फुटबॉल-रेसिंगसाठी, आनंदानं घ्या म्हणेन. गेम साठवायच्या जागेबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, माझ्या मॉडेलमधली ३६४ जीबी कमीच पडते.

राहिलं बंद पडण्याचं. परत आणल्यावर कन्सोल उजेडात धरला. वरच्या काळ्या गोल जाळीच्या भोकांत करड्या धुळीचा थर बसला होता, बोटानं खरवडला तर कापसासारखा सुटून आला. गरम हवा बाहेर पडते ती याच जाळीतून. आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल आणि त्यावर सेट टॉप बॉक्स, असं दोन्ही आम्ही बरोबर त्या जाळीवर ठेवलं होतं. जुन्या टूथब्रशनं धूळ काढली, कन्सोल कपाटातून उघड्या फळीवर आणला, रुमाल टीव्हीच्या टेबलावर पसरला. तेव्हापासून तीन आठवड्यांत एकदाही बंद पडलेला नाही, परवा रविवारी पुतण्या सलग चार तास खेळला तरीही. उद्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन तीनशे रुपये परत मागणार आहे.