त्याने पासवर्ड मागितलाच नाही, बॅकअप मागितला

पासवर्ड मी कुणालाही सांगितलेला नाही. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण पोलीस ठाण्यापासून आमच्या सीएपर्यंत प्रत्येकाने मला तेवढंच विचारलंय. ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, क्यूआर कोड स्कॅन केला नाही. तरी १,०८,३८० रुपये गेले. लाइन बंद पडून झालेलं नुकसान वेगळं.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. सँड प्लँट, साचे बनवणारी मोल्डिंग लाइन आणि स्काडाचा (यंत्रांवर नजर ठेवून ती चालवणारा) पीसी आठ मॅनेज्ड स्विचवरून, म्हणजे पासवर्ड असलेल्या नेटवर्कच्या डब्यांवरून, जोडलेले आहेत. त्या स्विचवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर ऑटोमेशन करणाऱ्या पार्टीनेच बसवून दिलं. कुठला पोर्ट डाउन आहे ते स्क्रीनवर लाल दिसतं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

फोन आला या सॉफ्टवेअरच्या लायसन्स रिन्यूअलचा. बोलणाऱ्याला लायसन्सवरचं नाव, व्हर्जन, बसवल्याचा महिना, इतकंच काय, बसवायला आलेल्या इंजिनिअरचं नावही ठाऊक होतं. ४१,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४८,३८० रुपये. प्रोफॉर्मा आला, त्यावर जीएसटी नंबरही होता. आम्ही एनईएफटी केली. (तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. तपासत जा. नंबर खरा असला तरी बँक खातं त्याच नावाचं आहे का, तेही बघा.) मग तो म्हणाला, "सर, लायसन्सची नवीन की तुमच्या प्रोजेक्टला मॅच करावी लागेल, तेवढा सेटिंगचा बॅकअप मेल करा. पासवर्ड मात्र कुणाला सांगू नका, मलासुद्धा नको."

मलासुद्धा नको! या दोन शब्दांनी माझी झोप उडवली आहे. त्या एका वाक्याने माझा सगळा संशय त्याने काढून घेतला. कीसाठी अख्खा बॅकअप कशाला लागतो, हे तेव्हाच मनात आलं होतं. पण आदल्या वर्षी खऱ्या सपोर्टवाल्यांनीही असाच बॅकअप साध्या मेलवर मागवून घेतला होता, म्हणून पाठवून दिला. खरा माणूस आणि चोर एकच गोष्ट एकाच पद्धतीने मागत असतील, तर फरक ओळखायचा कसा? या फाइलमध्ये तुमच्या सगळ्या स्विचचे पासवर्ड आहेत, अशी एक ओळ मॅन्युअलमध्ये नाही.

एका जाणकाराने नंतर ती फाइल उघडून दाखवली. सॉफ्टवेअरच्या ॲडमिनचा पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने सांकेतिक करून ठेवलेला होता, तोही सॉल्टशिवाय, म्हणजे त्यात आधी वेगळी अक्षरं न मिसळता. नेहमीचा शब्द असेल तर तो तयार याद्यांमध्ये क्षणात सापडतो. स्विचचे पासवर्ड सॉफ्टवेअरला स्वतः लॉगिन करायला लागतात, म्हणून ते पुन्हा उलगडतील असेच ठेवावे लागतात, हे मलाही मान्य आहे. पण ते उलगडायची किल्ली प्रोग्रामच्या पोटातच, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तीच! सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटना एकाच किल्लीचं कुलूप बसवल्यासारखं हे झालं. निदान बॅकअप काढताना वेगळा पासवर्ड विचारून फाइल बंद करायची. तेही नाही.

हे काही काल-परवा कळलेलं शास्त्र नाही. पासवर्डमध्ये सॉल्ट मिसळून मगच साठवायचा, हे युनिक्स बनवणाऱ्यांनी १९७९ साली छापून सांगितलंय. २०१० साली कारखान्यांच्या यंत्रणेवर हल्ला करणारा स्टक्सनेट सापडला, तेव्हा सीमेन्सच्या विनसीसी या स्काडामधला डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्राममध्येच पक्का लिहिलेला असल्याचं साऱ्या जगाने पाहिलं. त्यानंतर इतक्या वर्षांनी माझ्याकडून पैसे घेऊन हाच माल गळ्यात मारला जातो, याची मला जास्त चीड आहे.

पुढचं सांगायला नको. पीसीवर रिमोट सपोर्टचं (लांबून पीसी चालवायचं) सॉफ्टवेअर कायम चालू होतं आणि त्याचा पासवर्ड ॲडमिनचाच होता. तो मी ठेवला नव्हता, बसवणाऱ्याने ठेवला होता. शनिवारी रात्री चोराने स्विचचे पासवर्ड बदलले, पोर्ट बंद झाले, लाइन थांबली. फर्नेसमध्ये हीट, म्हणजे वितळलेलं लोखंड, तयार, आणि ओतायला मोल्ड नाहीत. शेवटी पिग, म्हणजे नुसते ठोकळे, ओतावे लागले. व्हॉट्सॲपवर मागणी आली १,२०,००० ची. निम्मे आधी द्या, मग पासवर्ड मिळतील. ६०,००० दिले. का दिले, असं जे विचारतात त्यांनी पातळ लोखंड धरून बसलेल्या फर्नेससमोर एकदा उभं राहावं. पासवर्ड आले नाहीतच. सोमवारी बाहेरच्या माणसाने प्रत्येक स्विच रिसेट करून नव्याने कॉन्फिगर केला. त्याचे २२,००० वेगळे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, हद्द ठाण्याची, तिथे द्या. पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तात. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास किमान निरीक्षकाने करायचा असतो, म्हणून साहेबांची वाट बघा. ते भेटले तर म्हणतात, "फाइल तुम्हीच पाठवली, पैसे तुम्हीच पाठवले, मग हॅक काय झालं?" अहो, तोतया बनून संगणकाच्या आधारे फसवणं म्हणजेच कलम ६६ड! ते मी तक्रारदाराने छापून न्यायचं का? हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. तरी माझ्या हातात अजून फक्त अर्जाची पोच आहे, एफआयआर नाही. बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार ग्राहकाने स्वतः केला आहे. आणि आमच्यासाठी नियम काय? २०२२ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या निर्देशांप्रमाणे अशी घटना सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सहा तासांत कळवायची. कारखानदाराला सहा तास, आणि त्याची तक्रार लिहून घेणाऱ्याला कसलीच घाई नाही.

पैसे गेल्या-गेल्या १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. बँक उघडायची वाट बघू नका, रक्कम पुढच्या खात्यात सरकली की हाती लागणं अवघड होतं.

सॉफ्टवेअर कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की नव्या व्हर्जनमध्ये साठवण सुधारली आहे, अपग्रेड घ्या, ५५,००० अधिक जीएसटी, ६४,९०० रुपये. तो मेल मी प्रिंट काढून तक्रारीला जोडलाय.

शिरोलीच्या एका ओळखीच्या फाउंड्रीलाही याच पद्धतीचा फोन येऊन गेला. म्हणून सांगतो, कुणी कधीही, अगदी खऱ्या सपोर्टलासुद्धा, असा बॅकअप मेल केला असेल तर आज रात्रीच पासवर्ड बदला. नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, प्रत्येक स्विचवर जाऊन बदला, प्रत्येकाचा वेगळा ठेवा. रिमोट सपोर्ट बंद करून ठेवा, लागेल तेव्हाच समोर बसून चालू करा. आणि मेलच्या सेंट फोल्डरमध्ये ती जुनी फाइल अजून पडलेली असेल, ती आधी काढा.