टर्बोवर 88 लिहिलं होतं, इंड्युसर निघाला 66

डिझेलसाठी कंपाउंड टर्बोची जोडी, म्हणजे एकापाठोपाठ हवा दाबणारे दोन टर्बो, शोधताय? मग पैसे देण्याआधी एवढं वाचाच.

मला विकलेली जोडी ‘1,200 हॉर्सपॉवरची’ होती: लहान हाय-प्रेशर टर्बो आणि त्याला हवा पुरवणारा ‘88 एमएम’चा मोठा लो-प्रेशर. डायनोचा (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागदही दाखवला. आकडा खरा होता. फक्त त्या रनला नायट्रस (इंजिनला जास्तीचा ऑक्सिजन देणारा नायट्रस ऑक्साइड वायू) चालू होता, हे कागदावर कुठेच नव्हतं.

नायट्रसशिवाय इंजिन 800 च्या पुढे जाईना. शेवटी मोठ्या टर्बोचं कव्हर काढून व्हर्नियर लावला. व्हीलच्या मागच्या रुंद बाजूचा व्यास बरोबर 88. हवा जिथून आत शिरते तो इंड्युसर मात्र 66! म्हणजे ट्रिम (66 भागिले 88, त्याचा वर्ग, गुणिले 100) 56. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “88 आहेच की, मोजून बघा.” पैसे परत द्यायचं नावच नाही.

ढोबळ हिशेब असा, की मिनिटाला एक पौंड हवेमागे साधारण 10 हॉर्सपॉवर मिळते. 1,200 साठी 120 पौंड हवा हवी, आणि ती सगळी लो-प्रेशर टर्बोलाच ओढावी लागते. 66 चा इंड्युसर 80 च्या आसपास दमतो. लहान टर्बोला आधीच दाबलेली हवा मिळते, म्हणून तो लहान चालतो. दोघांचे प्रेशर रेशो (हवा किती पट दाबली जाते ते आकडे) गुणले जातात, 2.5 गुणिले 2.5 म्हणजे 6.25, पण त्या गुणाकाराने हवेचे पौंड वाढत नाहीत. विक्रेते नेमकं इथेच गंडवतात.

“नायट्रस आहे ना, मग छोटा टर्बो पुरतो,” हेही ऐकवलं गेलं. निव्वळ थाप. नायट्रसमध्ये वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23. तो मारला की एक्झॉस्टचा जोर वाढतो आणि मोठा टर्बो लवकर उठतो; म्हणजे नायट्रस असेल तर लो-प्रेशर टर्बो उलट मोठा घेता येतो. शिवाय तो वाढीव एक्झॉस्ट लहान टर्बाइनला बगल देऊन जायला दणकट वेस्टगेट लागतो. माझ्या किटमधला अगदीच चिमुकला होता. नायट्रस दिला की बूस्ट (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) 60 पीएसआय आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला ड्राइव्ह प्रेशर (टर्बाइन फिरवणारा एक्झॉस्टचा दाब) 100 च्या वर!

विक्रेत्याकडे कॉम्प्रेसर मॅप (टर्बो कोणत्या दाबाला किती हवा ओढतो याचा आलेख) मागा आणि नायट्रस बंद ठेवून काढलेला डायनोचा आकडा मागा. फोटो मागाल तर व्हर्नियर पुढच्या पात्यांच्या टोकांवर धरलेला हवा. त्यासाठी कव्हर काढावं लागत नाही, त्यामुळे ती सबब चालवून घेऊ नका.